ड्रॅगनच्या ढिगातला हार "सोन्याचा" यापलीकडे कसा सांगायचा?

विसाचा_फासा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, आधीच माफी मागतो.

आम्ही सहा जण दर रविवारी कोथरूडला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायचा खेळ. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. चौदा महिने रखडत रखडत आमचं कॅम्पेन एकदाचं लाल ड्रॅगनच्या गुहेच्या तोंडाशी आलंय, आणि मला ड्रॅगनपेक्षा त्याच्या बुडाखालच्या खजिन्याचंच टेन्शन आलंय.

मागच्या पावसाळ्यात यांनी एक लहानसा हिरवा ड्रॅगन मारला होता. मी पुस्तकातल्या खजिन्याच्या तक्त्यावर फासे टाकले, २५०० सुवर्णमुद्रा किमतीची एक वस्तू आली. मोठ्या थाटात म्हणालो, "धूळ झटकल्यावर तुम्हाला दिसतो एक प्राचीन हार!" आमच्यातला एक जण सीए आहे. त्याने विचारलं, "कसला?" मी म्हणालो, "सोन्याचा." "म्हणजे कसा?" "म्हणजे... त्यावर सुंदर नक्षी आहे." "कसली नक्षी?" "प्राचीन." पाचही जण खो खो हसले. सीएने वहीत लिहिलं: प्रा. हार, १ नग, २५००. गावात पोचताच विकला. तेव्हापासून आमच्याकडे काहीही बेचव निघालं, अगदी पोहेसुद्धा, तरी "प्राचीन नक्षी आहे हो" म्हणतात.

या वेळी तयारी करून जायचं ठरवलं. आठ दागिने लिहिले. शापित मुकुट, हुतात्मा राजपुत्राची अंगठी, चंद्रदेवीचं कंकण वगैरे, प्रत्येकाला अर्धं पान इतिहास. बहिणीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा, हे सगळे एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्यासारखे वाटतात." लागलं, पण खरं आहे.

तर मला दहा-बारा दागिने हवेत. जादूचे नकोत, पार्टीकडे, म्हणजे खेळाडूंच्या टोळीकडे, जादूच्या वस्तूंची आधीच जत्रा भरलीय. ड्रॅगन सहाशे वर्षं तिथे बसलाय. मुलुख असा: उत्तरेला ड्वॉर्फांच्या, म्हणजे बुटक्या लोकांच्या, खाणी, पूर्वेला वाळवंटातून येणारे व्यापारी तांडे, दक्षिणेला किनाऱ्यावर एक साम्राज्य होतं ते बुडालं. मला पानभर दंतकथा नकोय. दागिना हातात घेतल्यावर सीएने एक प्रश्न तरी विचारावा, एवढंच मागणं.

टेबलाखालचा_उंदीर

अरे, लढाई संपते तेव्हा तिघांचे प्राण कंठाशी आलेले असतात आणि दोघं पिझ्झा मागवत असतात. तेव्हा तू हार काय वाचत बसणार? तक्ता कशाला दिलाय? फासे टाक, आकडा सांग, पुढे चल. सोनं म्हणजे सोनं.

गुजरीतली

उंदीरराव, सोनं म्हणजे सोनं असतं तर आमची दुकानं कधीच बंद पडली असती.

आमचं सोनाराचं दुकान कोल्हापुरात गुजरीत आहे, आजोबांपासूनचं. मी पुढे काउंटरला कमी आणि मागे मोडीच्या डब्यापाशी जास्त असते. स्वतः खेळतेही, तीन वर्षं झाली. माझी ड्वॉर्फ कुऱ्हाडवाली आहे. सगळे विचारतात, सोनार का नाही घेतलीस? दिवसभर तेच करते की, रविवारी कुऱ्हाड बरी वाटते.

आधी हिशेब, कारण तुमचा सीए तिथूनच सुरुवात करणार. नियमपुस्तकात पन्नास नाण्यांचं वजन एक पौंड. म्हणजे एक सुवर्णमुद्रा नऊ ग्रॅमची, पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. आता तुमचा २५०० चा हार नुसत्या सोन्याच्या भावात मोजला तर पन्नास पौंड भरतो. जवळपास पावणेतेवीस किलो! हा हार गळ्यात नाही, डोक्यावर घेऊन हमालाने न्यायचा. खराखुरा वीस तोळ्यांचा भरगच्च हार घेतला तर त्यातलं सोनं सव्वीस मुद्रांचं. उरलेल्या २४७४ मुद्रा कशाच्या? खड्यांच्या आणि घडणावळीच्या. (अशी घडणावळ मिळाली असती तर आमच्या वडिलांनी रंकाळ्यावर बंगला बांधला असता.) म्हणजे त्या आकड्यातलं जवळजवळ सगळं कुणाच्या तरी हातात आणि डोळ्यांत आहे. तेच तुम्ही "नक्षी" या एका शब्दात उरकलंत.

आता मोडीबद्दल. लोक जुना, तुटका दागिना घेऊन येतात आणि म्हणतात, मोडा आणि नवीन करा. माझ्या मते ड्रॅगनचा खजिना म्हणजे मोडीचा डबाच आहे, शोकेस नव्हे. तुमच्या बहिणीला जे खटकलं ते हेच असावं. तुम्ही आठही दागिने नवे कोरे लिहिले आणि वर इतिहास चिकटवला. मोडीत आलेल्या दागिन्याचा इतिहास कुणी सांगावा लागत नाही. पाटल्यांची जुनी जोडी काट्यावर ठेवा, उजव्या हातातली गुंज दोन गुंज हलकी निघते, कारण घासणं-पुसणं त्या हाताने झालेलं असतं. अंगठी चिमट्याने कापलेली असेल तर बोट सुजलं होतं. एकच कुडी आली तर दुसरी कुठे आहे हे विचारायचं नसतं, हे मला वडिलांनी पहिल्या महिन्यात शिकवलं.

तेव्हा लिहिताना "हा कुणाचा होता" इथून सुरू करू नका. "याला काय झालंय" इथून करा.

आणि तुमच्याकडे तर लाल ड्रॅगन आहे! आग! मला कुणी असा ड्रॅगन दिला असता तर मी महिनाभर हेच करत बसले असते. आगीत प्रत्येक वस्तूचं वेगळं होतं, ऐका.

शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, चांदी ९६२ ला. पण दागिना त्याच्या आधीच सुटतो, कारण सांधा झाळताना त्यातलं सोनं मुद्दाम हिणकस ठेवतात. ते लवकर वितळतं, म्हणून तर बाकीचा दागिना शाबूत राहून सांधा बसतो. ड्रॅगनने लांबून फुंकर मारली असेल तर फुलं, पाकळ्या, कड्या सगळं सुटं होऊन पडेल, आणि प्रत्येक तुकडा मात्र धड असेल. तुमच्या पार्टीला हार नाही, हाराचे तीनशे सुटे भाग मिळायला हवेत.

पोकळ मणी आम्ही लाखेने भरतो, बोरमाळेचे असतात तसे. लाख उकळत्या पाण्याच्याही आधी मऊ पडते, मग जळते. भोकाभोवती काजळी धरते आणि आधार गेलेला मणी बोटाने दाबला तरी चेपतो. ओवायचं काम पटवेकऱ्याचं, रेशमाचं. ते सगळ्यात आधी गेलं.

मोत्याचं भस्म होतं. कोंदण रिकामं आणि तळाला चुन्यासारखी पूड. पाचूच्या पोटात मुळातच बारीक भेगा असतात, तो तडकतो. फिरोजाचा निळा रंग उडून हिरवट-मातकट होतो. अ‍ॅमेथिस्ट चारपाचशे अंशांवर जांभळा रंग सोडून पिवळा पडतो. अकीक मात्र उलट, तापवला की आणखी लाल होतो, गुजरातच्या खंबातमधला अकीक तापवूनच लाल करतात. माणिक काही बोलत नाही, जसाच्या तसा. आणि हिरा? हिऱ्याजवळ झाळायचं असेल तर आम्ही त्याला आधी बोरिक पावडरचा लेप देतो, नाहीतर तो दुधाळ पडतो. हिरा शेवटी कोळशाचाच भाऊ. उघड्या हवेत सोनं वितळायच्या आधी तो जळायला लागतो. म्हणजे सहाशे वर्षांच्या लाल ड्रॅगनच्या ढिगात उघड्यावर पडलेला चकचकीत हिरा असूच शकत नाही. जो असेल तो खाली, खोल, कशाच्या तरी आड. तुमच्या पार्टीत एखाद्याला हे कळलं तर तो ढीग उपसायला लागेल. बघा की, जादू न वापरता शोधाशोध आली.

सगळे एकाच दुकानातले वाटू नयेत म्हणून आणखी एक. तुमचे मुलुख तीन आहेत तर कामाच्या पद्धती तीन ठेवा. ड्वॉर्फांचं ओतीव काम, जाड, जड, कुठे सांधाच नाही. वाळवंटवाल्यांचं तारकाम, कारण उंटावर वजन नको. साम्राज्याचं पातळ पत्र्यावर मागून ठोकून उठाव काढलेलं, दिसायला भलं मोठं आणि आत पोकळ. (साम्राज्यांचं तसंच असतं.) एवढं ठरलं की तुमच्या प्लेअरना तिसऱ्या दागिन्यापासून तुम्ही न सांगताच कळेल कुठला कुणाचा.

नमुने देते, हवे तर घ्या.

एक: राक्षसाची अंगठी. बांगडीएवढी. आतल्या बाजूला नंतर कुणीतरी चांदीची पट्टी झाळून घट्ट केलीय आणि ती पट्टी मनगटाने गुळगुळीत झालीय.

दोन: आमच्या कोल्हापुरी साजाला एकवीस पानं असतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि मधे डोरलं. तसा ड्वॉर्फांचा साज करा, एकेका खाणीचं एकेक पान. त्यातल्या दोन पानांवरची नक्षी कानशीने घासून काढलेली. तुटलेली नाही हं, घासून काढलेली.

तीन: लहान बाळाच्या मनगटातल्या बिंदल्या. मूल वाढलं तशी कापून, तुकडा घालून वाढवलेली. तीन तुकडे, तीन वेगळ्या कसांचे. एक साल बरं गेलं असेल, एक बेताचं.

किमती तुमच्या तुम्ही लावा. तिसरीला सोन्याचा भाव सोडून काही मिळणार नाही, हे मात्र आत्ताच सांगते.

विसाचा_फासा

ताई, साष्टांग नमस्कार. सव्वीस मुद्रांचा हिशेब मी सीएला अजून सांगितलेला नाही, नाहीतर तो मागच्या हाराची केस पुन्हा उघडेल.

लगेच एक करून पाहिला, कसा वाटतो सांगा:

"पत्र्याच्या उठावकामाचा रुंद कंठा. मधला अ‍ॅमेथिस्ट पिवळा पडलेला. भोवतीची आठ कोंदणं मोत्यांची, आत चुना. डावीकडच्या पाकळ्या सुटलेल्या. मागे पुसट लेख. कडी दोनदा दुरुस्त केलेली. एका बाजूला दातांच्या खुणा. काजळी. गळ्यामागचा फासा ड्वॉर्फांच्या ओतीव कामाचा, म्हणजे नंतर बदललेला."

खापरतुकडा

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी. दागिने घडवता येत नाहीत, फक्त ब्रशने माती झाडता येते. पण जमिनीतून निघालेले खरे ढीग बरेच वाचलेत, त्यातून काही सुचवतो.

तुझ्या कंठ्यातली मोत्यांची रिकामी कोंदणं अस्सल आहेत, आणि त्यासाठी आगीचीही गरज नाही. इंग्लंडात सफोकमध्ये हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ मध्ये तिथे शेतात हरवलेला हातोडा शोधायला म्हणून एकाने मेटल डिटेक्टर फिरवला आणि रोमन काळाच्या शेवटचा ठेवा निघाला, जवळपास पंधरा हजार नाणी आणि सोन्याचे दागिने. त्यात अंगावर आडवी-तिडवी घालायची एक सोनसाखळी आहे. तिच्या मधल्या पदकात अ‍ॅमेथिस्ट, चार गार्नेट आणि चार रिकाम्या जागा. त्या मोत्यांच्या असाव्यात, मोती मातीत विरून गेले. साखळी इतकी लहान आहे की एखाद्या सडपातळ बाईला किंवा मुलीलाच बसेल. त्याच ठेव्यात एक बांगडी, जाळीदार अक्षरांत कोरलेली: "उतेरे फेलिक्स दोमिना युलियाने". बाई युलियाने, हे सुखाने वाप. एवढंच. ती कोण होती याबद्दल दुसरी ओळ नाही. तुझ्या अर्ध्या पानापेक्षा हे चार शब्द भारी आहेत, राग मानू नकोस. (सोबत चांदीच्या मिरपुडीच्या डब्या होत्या. मिरी आपल्या मलबारची. आणि तो हातोडाही सापडला, तोही आता संग्रहालयात आहे.)

दुसरं. ड्रॅगनने ढीग कुठून आणला ते ढिगात दिसायला हवं. स्टॅफर्डशायरला २००९ मध्ये निघालेल्या ठेव्यात चारेक किलो सोनं आहे, पण बायकांचा एक दागिना नाही. बहुतेक सगळं तलवारींच्या मुठींवरून उचकटलेलं आणि क्रॉस दुमडून ठेवलेले. ती लूट आहे. लँकशायरमधला १८४० चा कर्डेलचा व्हायकिंग ठेवा घे. त्यात चांदीची कडी छिन्नीने तोडून तुकडे केलेली, चांदी वजनावर चालायची म्हणून, आणि चांदी खरी आहे का ते बघायला चाकूने टोचलेल्या बारीक खुणा. ते चलन आहे. उत्तर अफगाणिस्तानात तिल्या तेपेला १९७८-७९ मध्ये सहा कबरींत वीस हजारांवर सोन्याच्या वस्तू निघाल्या. त्यातला एक मुकुट सुटा होतो! झाडांच्या आकाराचे पाच तुरे पट्टीवरून काढून ठेवता येतात, म्हणजे घोड्यावरून न्यायला सोपं. भटक्यांचा मुकुट असाच असणार. तुझ्या तांडेवाल्यांच्या राणीला हा देऊन टाक.

तिसरं माझं सगळ्यात लाडकं: चुकीचं वाचलेलं नाणं. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं ड्युकाट नाणं. १२८४ पासून पाडत होते, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं, म्हणून व्यापारात इथवर पोचलं. त्यावर संत मार्कच्या पुढ्यात गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आणि दोघांच्या मधे निशाणाची काठी. आपल्या लोकांना त्या माणसांशी काय घेणं? बाहुल्या दिसल्या, पुतळी म्हणाले, ओवली गळ्यात. दक्षिणेत तर त्या काठीला ताडाचं झाड समजले आणि माणसाला ताडी काढणारा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला याहून जुनी गंमत आहे. सातवाहनांच्या काळातल्या, रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या नकला, गळ्यात घालायला भोक असलेल्या.

म्हणजे तुझ्या बुडालेल्या साम्राज्याचं नाणं ड्वॉर्फांनी देव समजून साजात बसवलं असेल तर? पार्टीतला एखादा इतिहासाच्या माहितीसाठी फासा टाकेल आणि म्हणेल, अरे हा देव नाही, हा तर जकात अधिकारी!

गुजरीतली

खापरतुकडा, "वाप" नाही, "वापर". सोनाराकडे एक अक्षर सुटलं तर गिऱ्हाईक दागिना परत आणतं. बाकी पुतळीचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडच्या पुतळ्यांवर लक्ष्मी असते आणि मी आजवर शेकडो ओवून दिल्यात.

आता फासेबुवांचा कंठा. अहो, हा दागिना आहे की अपघात विभाग? चुना, काजळी, दात, लेख, दुरुस्ती, बदललेला फासा. आमच्याकडे नवीन कारागीर असंच करतो, एकाच पदकात मोर, कमळ, हत्ती आणि वर "शुभ लाभ". एका दागिन्याला एकच घाव ठेवा. बाकीचे दुसऱ्या दागिन्यांना वाटून टाका, तुम्हाला बारा हवेतच की. या कंठ्याचा पिवळा अ‍ॅमेथिस्ट ठेवा आणि प्लेअरला फक्त इतकंच सांगा: "खडा पिवळा आहे. पण कोंदणाच्या काठाखाली, जिथे सोन्याने झाकलाय, तिथे जांभळी रेघ दिसते." रेघेचं मी बनवून सांगतेय, खरा खडा सगळाच तापतो आणि सगळाच पिवळा पडतो. पण खेळात चालतं. तुम्ही उडणारी पाल चालवून घेताय.

दातांच्या खुणा मला आवडल्या हे खरं. शुद्ध सोनं मऊ असतं, चावून बघता येतं. पण त्या ड्रॅगनच्या नकोत. माणसाच्या असू द्या.

टेबलाखालचा_उंदीर

ठीक आहे, हिऱ्याचं ऐकून मी माझा शब्द अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा असा: टेबलावर तीन वाक्यांच्या वर कुणी ऐकत नाही, तुम्ही कितीही सुंदर लिहा. पहिल्यात काय आहे ते, दुसऱ्यात ताई म्हणतात तो घाव, आणि तिसरं वाक्य बोलायचंच नाही, प्लेअरने विचारलं तर तयार ठेवायचं. बारा दागिने एका दमात वाचलेस तर मी टेबलाखाली परत जाईन. तीन दाखव. बाकीचे ते ढीग उपसतील तसे निघू देत.

आणि जाता जाता, नॉर्स दंतकथेत ड्रॅगन आधी ड्रॅगन नव्हता. फाफ्निरचा भाऊ पाणमांजराच्या रूपात असताना मारला गेला, त्याची भरपाई म्हणून बापाला सोनं मिळालं. त्या पाणमांजराचं कातडं सोन्याने पूर्ण झाकायचं होतं, मिशीचा एक केस उघडा राहिला म्हणून शेवटी शापाची अंगठीही वर ठेवावी लागली. फाफ्निरने त्याच सोन्यासाठी बापाला मारलं आणि त्यावर बसून बसून स्वतः ड्रॅगन झाला. आमची आजी म्हणायची कंजूष माणूस मेला की नाग होऊन हंड्यावर बसतो. दोघींची, म्हणजे आजीची आणि त्या गोष्टीची, कधी गाठ पडली नसणार. पण ढिगात ड्रॅगनची स्वतःची, माणूस असतानाची एक वस्तू ठेवून बघ.

विसाचा_फासा

काल सेशन झालं. अहवाल देतो, आणि शेवटी ताईंना एक प्रश्न.

उंदीररावांचं ऐकून तीनच दागिने उघड ठेवले: साज, सुटा होणारा मुकुट आणि बिंदल्यांची जोडी. मुकुटावर अपेक्षेप्रमाणे उड्या पडल्या. आमच्यातल्या चोराचं पात्र खेळणाऱ्याने तो मोडून पिशवीत भरला आणि परत जोडताना एक तुरा उलटा बसवला. साजातला "देव" जकातवाला निघाला तेव्हा ड्वॉर्फ खेळणारा मित्र खरोखर दुखावला, दहा मिनिटं भांडत होता की आमच्या लोकांना एवढं कळत नाही का.

बिंदल्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या होत्या. एक छोटासा बदल केला होता. जोडीतल्या एकीला तीन तुकडे घातलेले, आणि दुसरी चौथ्यांदा कापलेली, पण तुकडा घातलेलाच नाही. तशीच उघडी. मला वाटलं होतं सगळे गप्प होतील, मूल गेलं असं समजतील. एक-दोघांचे चेहरे तसे झालेही.

सीएने वही काढली. म्हटलं झालं, आता "बिंदल्या, २ नग". तो म्हणाला, "थांब. कापलीय म्हणजे सोनाराकडे दिली होती."

मी म्हणालो, "हो, असेल."

"आणि परत नेली नाही."

"नाही."

"मग ही ड्रॅगनला कुणाच्या घरात मिळालीच नाही. सोनाराच्या दुकानात मिळाली. दुकानात एक गिऱ्हाईक नसतं. या ढिगात त्या दिवशी दुरुस्तीला आलेलं सगळं असणार. वहीपण असेल."

मी याचा विचारच केला नव्हता. तोंड उघडं ठेवून बसलो. पुढचे दोन तास पाच जण ड्रॅगनच्या ढिगातून अर्धवट कामं वेगळी काढत होते. कडी नसलेली साखळी, एकच कुडी, खडा नसलेली अंगठी. मी प्रत्येक वस्तू जागच्या जागी बनवत होतो आणि ते वहीत वेगळा रकाना करून लिहीत होते. ड्रॅगन मेलेला पडलाय बाजूला, त्याच्याकडे कुणी बघेना. एकही वस्तू विकलेली नाही. किमतीचा रकाना रिकामा आहे, त्यावर फक्त "परत करणे?" असं लिहिलंय.

आता पुढच्या रविवारी ते शहरातल्या सोनाराकडे जाणार आहेत, तीन तुकड्यांचा कस लावायला, म्हणजे कुठल्या तुकड्याचं सोनं किती शुद्ध ते कळेल. ताई, कसोटीवर दोन रेघा शेजारी ओढल्या तर फरक डोळ्यांनी दिसतो का? आणि त्या दुकानाची काहीतरी खूण ढिगात ठेवायची आहे. वही जळली असणार ना?

गुजरीतली

वही जळली. चिठ्ठ्या बांधल्या असतील तर त्याही. पण दुरुस्तीच्या दागिन्याला पितळी बिल्ला बांधायची पद्धत ठेवा, नंबर ठोकलेला. पितळ नऊशेच्या आसपास वितळतं, तेव्हा दागिन्यांचे सांधे टिकले असतील त्या कोपऱ्यात थोडे वाकडे होऊन का होईना बिल्लेही टिकतील. काळे पडलेले असतील, चिंचेने घासा म्हणावं. नंबर सलग ठेवू नका. मधले जे नाहीत ते लोक आपला दागिना त्याच्या आदल्या दिवशी घेऊन गेले.

कसोटीचं: डोळ्यांनी दिसतो, सवय हवी. बावीस कॅरेटची रेघ पिवळी धमक, अठराची शेजारी ठेवली की मरगळलेली वाटते, तांबं जास्त असेल तर लालसर मारते. मग दोन्हींवर बावीसचं तेजाब लावायचं. अठराची विरते, बावीसची राहते. काळा दगड तेलाचा हात लावून पुसलेला असावा, आणि कस लावताना सोनार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, दगडाकडेच बघतो. तुमच्या ड्वॉर्फ सोनाराला तेवढं करायला सांगा.

सीएचं नाव नको, पण त्याला विचारा, गुजरीत जागा रिकामी आहे.